तीनदा परत आली की बंद

आमच्या सॉफ्टवेअरमधला तीन हा आकडा मी घातलेला आहे. तो घालताना नेमका काय विचार केला होता, हे आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. आठवत नाही. विचार केला होता असंही आता छातीठोकपणे सांगता येत नाही.

मी एका लहान कंपनीत नोकरी करते. कंपनी पुण्यात आणि मी डहाणूत. नवरा रेल्वेत, सिग्नलच्या कामावर. त्याची इथे बदली झाली तेव्हा थोड्या वर्षांत परत जाऊ असं धरून आम्ही आलो आणि राहून गेलो. मी घरूनच काम करते. आमची कंपनी मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर बनवते. शाळा, पतपेढ्या, ट्रस्ट, छोटे कारखाने, ज्यांना स्वतःच्या नावाचे मेलचे पत्ते हवे असतात, असे लोक ते घेतात.

पाठवलेली मेल समोरच्याला पोचली नाही की ती परत येते. आम्ही त्याला बाऊन्स म्हणतो. कधी पत्ताच चुकलेला असतो, कधी तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो, तर कधी त्याच्या मेलबॉक्समध्ये जागाच उरलेली नसते. अशा परत आलेल्या मेलींचं काय करायचं हे ज्याने त्याने ठरवायचं असतं आणि त्यासाठी आम्ही सेटिंगचं एक वेगळं पान दिलेलं आहे. त्या पानावर कोणी जात नाही. सॉफ्टवेअर बसवताना लोक ‘पुढे’, ‘पुढे’, ‘पुढे’ दाबत शेवटपर्यंत जातात. म्हणजे तिथे आम्ही आधीपासून जे भरून ठेवू, तेच हजारो लोकांच्या कपाळी येतं. हे डिफॉल्ट भरून ठेवण्याचं काम आमच्यात वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. हुशार म्हणून नव्हे. बाकी कोणाला ते नको असतं म्हणून.

त्या दिवशीची मीटिंग जेवणाच्या आधीची होती, एवढं मात्र लक्षात आहे, कारण गॅसवर वरण ठेवून मी कॉलवर बसले होते. प्रश्न असा होता की एखाद्या पत्त्यावरून मेल सारख्या परत यायला लागल्या तर किती वेळा पाठवत राहायचं. पाठवतच राहिलं तर मोठ्या मेल कंपन्या आपल्याला कचरा पाठवणारे समजतात आणि मग आपल्या ग्राहकांची कोणतीच मेल कुठेच पोचत नाही. ही भीती खरी आहे. तेव्हा कुठेतरी थांबायला हवं. एक जण दोन म्हणाला, एक जण पाच म्हणाला. मी तीन म्हटलं. तीनला कोणाचीच हरकत नसते. तीनदा परत आली की तो पत्ता बंद.

दुसरा प्रश्न होता, पत्ता बंद झाला हे कळवायचं कोणाला. पाठवणाऱ्याला, सर्व्हर सांभाळणाऱ्याला, की कोणालाच नाही? त्या सुमारास ग्राहकांच्या तक्रारी येत होत्या की तुमच्या सॉफ्टवेअरच्या सूचनांनीच आमचा इनबॉक्स भरतो. आमचा टीम लीड म्हणाला, “कोणालाच नको. ज्याला बघायचंय तो यादी उघडून बघेल.” मी ‘ठीक आहे’ म्हटलं. वरण उतू जात होतं.

डहाणूत एक शिक्षणसंस्था आहे. ऑफिस गावात, शाळा मात्र लांब पाड्यांवर, पार तलासरीच्या पुढे गुजरातच्या हद्दीपर्यंत. कार्यवाह म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक. सरळ माणूस, सकाळी दहाला येऊन सहापर्यंत बसणारा. त्यांना संस्थेच्या नावाची मेल हवी होती. ओळखीतून माझ्यापर्यंत निरोप आला आणि मी जाऊन आमचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. बसवताना मीही ‘पुढे’, ‘पुढे’ दाबत गेले. सेटिंग माझीच होती, त्यात तपासायचं काय?

मग वर्षातून एक-दोनदा मी तिथे जाऊन सगळं नीट चाललंय ना ते बघून यायची. तशीच मार्चअखेरीला गेले होते. ऊन मी म्हणत होतं. ऑफिसबाहेरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. तिशी-पस्तिशीच्या, मांडीवर कागदांची प्लास्टिकची पिशवी, केस घट्ट बांधलेले. मी आत गेले तेव्हा त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

आत संस्थेचे लेखनिक होते. वाढवणचे, चाळिशीतले. गावात होऊ घातलेल्या बंदराविरोधातली सभा असली की रजा टाकायचे, एरवी कधी नाही. ते हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, बरं झालं आलात. बाहेर त्या बाई बसल्यात ना, त्या तलासरीकडच्या शाळेवर आहेत. हंगामी. नऊ वर्षं झाली. या महिन्यातली तिसरी खेप आहे त्यांची.”

“का?”

“फेब्रुवारीत आम्ही हंगामी शिक्षकांना मेल पाठवली होती. कायम करायचंय, कागद घेऊन अमुक दिवशी हजर राहा म्हणून. सगळे आले. या नाही आल्या. आता म्हणतात, मेलच आली नाही. एकदाही नाही.” त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. “हे बघा. यादी, हंगामी शिक्षक. पाठवली. हिरवी खूण आहे. आठवणीची मेलही पाठवली, तीही हिरवी. आता काय म्हणायचं? कार्यवाह सर वैतागलेत. त्यांनी फाईलवर शेरा मारला.”

“कसला शेरा?”

“कामात हलगर्जी, आणि चूक झाकण्यासाठी असत्य विधान करतात, असा.”

मी खुर्ची ओढून बसले. हिरवी खूण म्हणजे यादीला मेल पाठवण्याचं काम पुरं झालं, एवढाच तिचा अर्थ. यादीतल्या प्रत्येकाला ती गेली असा नाही. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी बंद पत्त्यांची यादी उघडली. ती यादी त्या ऑफिसात कोणी कधी उघडलेली नव्हती. वीसेक पत्ते होते. बहुतेक जुने, सोडून गेलेल्यांचे. मधेच त्या बाईंचा पत्ता होता. डिसेंबरात तीन दिवस ओळीने तीन मेल परत आल्या होत्या. कारण: मेलबॉक्स भरलेला. चौथ्या दिवसापासून आमच्या सॉफ्टवेअरने त्यांना मेल पाठवणं बंद केलं होतं आणि ते कोणालाही सांगितलं नव्हतं.

इथे मी जे केलं ते लिहायला जड जातं. मी ती यादी बंद केली. लेखनिकांना म्हणाले, “बघून सांगते.” सर्व्हरची डिस्क बघितली, बॅकअप बघितला आणि पर्स उचलून निघाले. बाहेर त्या बाई उठून उभ्या राहिल्या. “मॅडम, तुम्ही कम्प्युटरच्या ना? काही सापडलं का हो?”

“बघते आहे,” मी म्हणाले. “वेळ लागेल.”

“मी थांबते.”

“नको, आज नाही व्हायचं.”

त्यांनी मान हलवली, पण बसल्या त्या बाकावरच. मी रिक्षा केली आणि घरी आले.

घरी येऊन मी पहिला फोन टीम लीडला केला, संस्थेला नाही. तो म्हणाला, “सॉफ्टवेअरने ठरल्याप्रमाणेच काम केलंय. हा बग नाही.” त्याचं म्हणणं खरं होतं. बग असता तर बरं झालं असतं. बग कोणाच्याही हातून होतो आणि दुरुस्त केला की लोक आभार मानतात. हे तर आम्ही बसून ठरवलेलं होतं. त्याने पुढे बजावलं, “लेखी काही देऊ नकोस. निदान कंपनीच्या नावाने तर नाहीच.”

दोन दिवस मी काम करत राहिले. मन लागत नव्हतं, पण हात चालत होते. या वयात असंच होतं. आत काही का चालेना, बोटं आपली की-बोर्डवर फिरत असतात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, “काय झालंय? तीन दिवस बघतोय, भाजीत मीठ नाही.” मी सगळं सांगितलं. तो चहाचा कप हातात धरून ऐकत राहिला. मग म्हणाला, “आमच्याकडे काही बिघडलं की सिग्नल लाल होतो. वायर तुटू दे, वीज जाऊ दे, लालच. गाडी उभी राहते, लोक शिव्या घालतात, वरून फोन येतात. पण सगळ्यांना कळतं की बिघडलंय. तुमच्याकडे बिघडलं की हिरवाच राहतो?”

“आमच्याकडे गाड्या आपटत नाहीत,” मी म्हणाले.

“बरं,” तो म्हणाला आणि कप विसळायला उठला.

चौथ्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा. लेखनिकांकडून मी शाळेचा ठावठिकाणा घेतला आणि निघाले. चारोटी नाक्यापर्यंत एसटी, तिथून तलासरीची शेअर जीप, पुढे रिक्षा. फोन करून जायला हवं होतं, पण फोनवर काय सांगायचं ते जुळेना. जीपमध्ये शेजारच्या दोघी गुजरातीत कुणाच्या तरी लग्नाचं बोलत होत्या. मी मनात वाक्यं जुळवत होते. प्रत्येक वाक्य सुरू होताना ‘सिस्टिम’ हा शब्द येत होता. सिस्टिममध्ये असं झालं. सिस्टिमने असं केलं.

शाळा दोन खोल्यांची. ओसरीवर मुलं खिचडी खायला बसली होती आणि बाई मोबाईल धरून त्यांच्या ताटांचे फोटो काढत होत्या. मला पाहून त्या चपापल्या. “मॅडम, तुम्ही इथे?”

“तुमच्याशी बोलायचं होतं.”

“पाच मिनिटं हं. हे रोज पाठवावं लागतं.” त्यांनी ओळीने फोटो काढले. ताटं, मुलं, हजेरीचं पान, भरलेलं पातेलं, रिकामं पातेलं. “ऑफिसची ऑर्डर आहे. आणि शाळेत मोबाईल माझा एकटीचाच चालतो. मोठ्या बाईंचा साधा आहे.”

मग आम्ही वर्गात मुलांच्या बाकांवर बसलो. मी म्हटलं, “डिसेंबरात तुमचा मेलबॉक्स भरला होता का?”

त्यांनी आठवून पाहिलं. “हो. स्नेहसंमेलन होतं ना. त्याचे फोटो आणि हे रोजचे. फोन सारखा सांगत होता, जागा संपली. इथे रेंजची बोंब, फोन कधी गुजरातचा टॉवर पकडतो आणि गुजरातीत मेसेज येतात. मला काय करावं कळेना. मग रविवारी तलासरीला जाऊन भाच्याकडून सगळं साफ करून घेतलं. का?”

म्हणजे ज्या फोटोंनी त्यांचा मेलबॉक्स भरला होता, ते फोटो संस्थेनेच मागवलेले. आठवडाभरात त्यांनी जागा रिकामीही केली होती. त्यांच्या बाजूने काहीच बाकी नव्हतं. मी सांगायला लागले. ‘सिस्टिम’ शब्द एकदा आलाच, मग मी तो सोडला. म्हटलं, “तीन वेळा मेल परत आली की त्या माणसाला मेल पाठवायची नाही आणि कोणाला कळवायचंही नाही, असं आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरवलेलं आहे. ते मी ठरवलंय. तुमचा पत्ता त्यात बंद झाला. फेब्रुवारीची मेल तुम्हाला आलीच नव्हती.”

बाहेर मुलं हापशावर ताटं धूत होती.

“म्हणजे मी खोटं बोलत नव्हते,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“घरीसुद्धा विचारत होते सगळे. मोबाईल धड बघत नसशील. नवरा म्हणाला, दाखव मला तुझी मेल. त्यानेच शोधलं सगळं. मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की आली असेल आणि माझ्याच हातून पुसली गेली असेल.” मग एकदम माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “हे तुम्हाला त्या दिवशी कळलं होतं? ऑफिसात?”

खोटं बोलायला जागा होती. तपासायला चार दिवस लागले, असं म्हणता आलं असतं.

“हो,” मी म्हणाले.

“मी सहापर्यंत बसले होते तिथे. म्हटलं, मॅडम परत येतील.”

ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, “आता काय होणार?”

“मी सरांना सगळं सांगते. तुम्हाला घ्यायला सांगते.”

“जागा भरल्या मॅडम. ती गेली ती गेली. पुढच्या वर्षी निघतील तेव्हा निघतील.” त्या फळ्याकडे बघत होत्या. “तुम्ही तो शेरा काढायला सांगा. असत्य विधान. मी चौथीच्या पोरांना रोज सांगते खोटं बोलू नका, आणि माझ्या फाईलीत ते लिहिलंय.”

परतताना जीपमध्ये मी डोळे मिटून बसले. झोप येत नव्हती. नुसता थकवा होता, खांद्यांपासून पायांपर्यंत.

सोमवारी मी कार्यवाहांकडे गेले. कंपनीचा कागद वापरायचा नव्हता, म्हणून साध्या कागदावर हाताने लिहिलं होतं: सदर शिक्षिकेस मेल पोचली नाही. कारण सॉफ्टवेअरमधील ठरावीक सेटिंग. ती मी निवडलेली आहे. खाली सही. सोबत त्या तीन परतींच्या नोंदी छापून जोडल्या होत्या.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. “मग ही हिरवी खूण खोटी?”

“खोटी नाही सर. अपुरी.”

“आम्हाला कोण सांगणार अपुरी आहे म्हणून? आम्ही खूण बघतो.” त्यांचा आवाज चढला नाही. “मी चाळीस वर्षं शिकवलं. कोणावर खोटा आरोप केला नाही. आणि तुमच्या त्या खुणेवर विसंबून…” मग म्हणाले, “चूक कोणाची म्हणून नोंदवू?”

“माझी.”

“मॅडम, तुम्ही संस्थेच्या नोकर नाही. तुमची चूक मी कुठल्या फाईलीत लिहू?”

“निदान तो शेरा तरी काढा,” मी म्हणाले.

शेरा खोडता येत नाही, असं निघालं. फाईलमध्ये खाडाखोड चालत नाही. शेवटी त्यांनी त्याच पानावर, त्या ओळीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, की वरील शेरा तांत्रिक कारणाने झालेल्या गैरसमजातून दिलेला असून तो रद्द समजावा. सदर शिक्षिकेची कोणतीही चूक नाही. खाली सही आणि शिक्का. लेखनिकांनी त्याची प्रत काढून बाईंना पाठवली. मेलने नव्हे, तलासरीला जाणाऱ्या एका शिक्षकाच्या हाती. वरची ओळ मात्र तशीच राहिली. आजही कोणी ती फाईल उघडली तर आधी वरची ओळ वाचणार, मग खालची.

त्या दिवशी मी तिथल्या सर्व्हरवर बंद पत्त्यांची सगळी यादी एकेक करून तपासली. आणखी तिघे सापडले, ज्यांचे मेलबॉक्स केव्हाच रिकामे झालेले होते आणि जे अजून शाळांवर काम करत होते. त्यांचं काय काय चुकलं ते मी विचारलं नाही. लेखनिकांनी एक-दोन गोष्टी सांगितल्या, कोणाचं प्रशिक्षण, कोणाची रजेची मंजुरी. मी ऐकलं आणि पत्ते सुरू करत गेले.

नव्या आवृत्तीच्या वेळी मी तो विषय मीटिंगमध्ये काढला. तयारी करून गेले होते. म्हटलं, पत्ताच नसेल तर तीन ठीक आहे. पण मेलबॉक्स भरलाय हे कारण कायमचं नसतं. त्यासाठी माणसाला कायमचा बंद करायचा नाही. काही दिवस थांबायचं, पुन्हा पाठवून बघायचं. आणि पत्ता बंद झाला की सर्व्हर सांभाळणाऱ्याला कळवायचंच.

टीम लीड म्हणाला, “सेटिंग आहे ना? ज्याला हवं तो बदलेल.”

“कोणी बदलत नाही. मी स्वतः बसवलं तिथे मीही बदललं नव्हतं.”

“मग मोठे ग्राहक पुन्हा ओरडतील, सूचना फार येतात म्हणून.”

“त्यांच्याकडे माणसं आहेत, ते बंद करतील. डिफॉल्ट त्यांच्यासाठी नसतोच. जे हात लावत नाहीत त्यांच्यासाठी असतो.”

हे बोलताना माझा आवाज चढला होता, असं नंतर एका सहकाऱ्याने सांगितलं. मला तसं वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं मी पुटपुटतेय. तीन मीटिंगांनंतर अर्ध्याहून थोडं जास्त मान्य झालं. भरलेल्या मेलबॉक्ससाठी दोन आठवडे थांबून पुन्हा प्रयत्न. सूचना चालू, पण रोज नाही, आठवड्यातून एक. हिरवी खूण बदलून तिथे ‘इतक्यांना गेली, इतक्यांना नाही’ असं लिहावं, ही मागणी मात्र पुढच्या आवृत्तीवर ढकलली. ती अजून तिथेच आहे.

नवी आवृत्ती संस्थेत बसवून आले, त्याला चार महिने झाल्यावर पुन्हा गेले. आठवड्याच्या सूचना नियमित येत होत्या. लेखनिकांनी त्या वेगळ्या फोल्डरमध्ये आपोआप जातील अशी सोय केली होती. एकही उघडलेली नव्हती.

“फार येतात हो मॅडम,” ते ओशाळून म्हणाले. “पण आता मी महत्त्वाचं काही असलं की मेल टाकतो आणि प्रत्येकाला फोनही करतो. त्या बाईंच्या प्रकरणापासून. वेळ जातो, पण डोक्याला ताप नाही.”

माझ्या तीन मीटिंगांपेक्षा त्यांचा फोन जास्त खात्रीचा होता, हे उघड होतं.

पुढच्या वर्षी जागा निघाल्या. बाईंना फोन गेला, त्या कागद घेऊन वेळेच्या तासभर आधी हजर झाल्या आणि कायम झाल्या. त्यांच्यानंतर लागलेले चार जण मात्र त्यांच्या आधी कायम झालेले असल्याने नोकरीच्या ज्येष्ठतेत त्या चौघांच्या खाली आहेत, आणि राहतील. शाळाही बदलली, बोर्डीजवळची मिळाली. घर तलासरीकडे, म्हणजे रोज दोन गाड्या. हे सगळं मला लेखनिकांनी सांगितलं. बाईंनी कळवलं नाही, आणि त्यांनी कळवावं असं मला वाटणंही बरोबर नव्हतं.

मधे एकदा एका कामासाठी बोर्डीला गेले होते. परतीच्या गाडीसाठी थांब्यावर उभी होते, तर त्या आल्या. मी ओळख देऊ की नको या विचारात, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, “मॅडम! इकडे कुठे?”

मी सांगितलं. त्यांच्या पिशवीत चिकू होते, शाळेतल्या कुणाच्या वाडीतले. त्यातले चार काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवले. मी नको म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही. बसायला जागा नव्हती, आम्ही दोघी झाडाखाली उभ्या राहिलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “आता मेल येतात ना नीट?”

“येतात की,” त्या म्हणाल्या. “रोज सात-आठ. ही माहिती भरा, ती माहिती भरा. वर परत फोन येतो, मेल बघितली का म्हणून. डोकं नुसतं पिकतं.” आणि हसल्या. हसू थकलेलं होतं, पण माझ्यावर रोख नव्हता. किंवा असेल, मला तो कळला नसेल.

झाईहून येणारी त्यांची गाडी आधी आली. ती भरलेली होती. “एकदा शाळेत या,” असं म्हणत त्या आत शिरल्या आणि दाराशीच दांडा धरून उभ्या राहिल्या. मी “येते” म्हटलं. अजून गेलेले नाही.